पऱ्यावरची भिंत

पावसाचं कौतुक मला सांगू नका. कौतुक करणारा एकतर पुण्याहून सुट्टीला आलेला असतो, नाहीतर त्याचं घर माडीवर असतं. चार महिन्यांच्या पावसाबद्दल आमच्या रत्नागिरीत कोणी तक्रार करत नाही, तो आपल्या हक्कानं येतो. पण नवरात्र उठतं, ऊन पडायला लागतं, गाद्या उन्हात टाकून होतात, भात कापून शेतात पसरलं जातं, आणि मग जो उलटा फिरून येतो ना, त्याचा मला मनापासून संताप आहे. येतो म्हणून निरोप घेऊन गेलेला पाहुणा चपला विसरल्याच्या निमित्तानं परत यावा आणि आठ दिवस राहावा, तसली त्याची रीत.

पण त्या वर्षी जे झालं त्याचं खापर मी पावसावर फोडणार नाही. पाऊस मूर्ख असतो, त्याला कळत नाही. आमच्या घरातली माणसं शिकलेली होती.

आमचं घर गावाच्या कडेला, खाडीकडे उतरत जाणाऱ्या रस्त्यावर. सासऱ्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं मिळून बांधलेलं साधं चिऱ्याचं घर, आणि ते दोघं गेल्यावर मुलांनी मधोमध कापलेलं. अर्ध्यात आम्ही, अर्ध्यात माझे चुलत दीर. मागून पऱ्या जातो. पऱ्या म्हणजे पावसाळी ओहोळ. वरच्या सड्यावरून, कातळाच्या माळावरून येतो, भाताच्या कुणग्यांमधून उतरतो, आधी दिरांच्या परसातून, मग आमच्या परसातून जाऊन खाली खाडीला मिळतो. उन्हाळ्यात त्यात कोंबड्या फिरतात.

माझं माहेर पालीचं. तिथं पाणी पडलं की खाली निघून जातं, कोणाला विचारत नाही. लग्न होऊन इथं आले तेव्हा पाहिलं, मिरगाच्या आधी दोन्ही घरची माणसं कोयते-फावडी घेऊन पऱ्यात उतरायची. त्याला म्हणायचे पऱ्या काढणं. माडाची झापं, पाचोळा, गाळ सगळा वर. सासूबाई आणि चुलत सासूबाई, मी एकीला आई म्हणते आणि दुसरीला काकी, दोघी काठावर बसून हुकूम सोडायच्या, आणि काम झालं की सगळ्यांना फणसाची भाजी-भाकरी. आमचे हे आणि भावजी तेव्हा एकमेकांच्या अंगावर चिखल फेकायचे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आता सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही.

भावजी बोटीवर होते. सगळ्या समुद्रांतून फिरून, जगातली बंदरं पाहून परत आले. त्यांची बायको लेकीचं मूल सांभाळायला मुंबईला, त्यामुळे घरात ते आणि काकी, दोघंच. बोटीवर माणसाला काय शिकवतात देव जाणे, पण आल्या आल्या यांनी स्वतःच्या अर्ध्या घराभोवती पुरुषभर उंच चिऱ्याची भिंत घातली. चारी बाजूंनी. पऱ्यावरून सुद्धा! वरून पाणी आत यायला रुंद कमान, आणि आमच्याकडे जायला भिंतीच्या तळाशी एक भोक ठेवलं, मोरी. आमच्या बाजूनं पाहिलं तर एखादं धष्टपुष्ट मांजर जाईल एवढी.

आमचे हे सरकारी कचेरीत कामाला. त्यांनी टेप घेऊन मोजलं आणि म्हणाले, भिंत हातभर आमच्यात आली आहे. झालं! हातभर जमीन, तीही पऱ्याच्या काठची, जिथे अळूशिवाय काही उगवत नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्याकडे त्या पायऱ्या चढूनच निम्म्या माणसांचे गुडघे गेलेत. दावा लागला आणि कोर्टानं सांगितलं, निकाल लागेपर्यंत जैसे थे.

जैसे थे म्हणजे दगड हलवायचा नाही, एवढं मलाही कळतं. पण आमच्या या दोघा विद्वानांनी अर्थ काढला की पानसुद्धा हलवायचं नाही. मोरीत कचरा अडकला आणि तो आम्ही काढला, तर म्हणे आमची वहिवाट सिद्ध होते. त्यांनी काढला तर म्हणे त्यांची होते. म्हणून कोणीच काढायचा नाही, आणि दुसरा काढतो का यावर नजर ठेवायची. एकदा पावसात मला राहवेना. मोरीत अडकलेलं माडाचं झाप मी ओढून काढलं, तर भिंतीवरून फोन वर आला आणि खटकन फोटो! कोर्टाच्या कागदांत माझा तो फोटो आहे. पदर खोचलेला, हातात झाप. लग्नात सुद्धा माझा इतका स्पष्ट फोटो आला नव्हता.

यांनी मला त्या दिवशी ऐकवलं, "तुला कोणी सांगितलं होतं गं नसता उद्योग करायला?" मी म्हटलं, पाण्यानं सांगितलं. तर दोन दिवस अबोला. निदान घरात शांतता होती.

या सगळ्यात दोन म्हाताऱ्या मात्र आपलं बघत होत्या. बोलायची बंदी होती, म्हणजे मुलांनी तशी ती घातली होती. वकिलाचा सल्ला म्हणे, घरातल्या बायका भोळेपणानं काहीतरी बोलून जातात. मग या दोघींनी युक्ती काढली. काकीनं स्टीलची ताटली चमच्यानं वाजवली की आईंनी समजायचं, भिंतीपाशी ये. आईंनी वाजवली की काकीनं यायचं. भावजी मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले आणि हे कचेरीत गेले की ताटली वाजायची. मग काकी तिकडच्या दगडावर चढायची, आई इकडे स्टुलावर, आणि भिंतीवरून डबा जायचा, डबा यायचा. कधी खाडीतल्या तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, कधी अळूचं फदफदं. "मीठ बघ गो जरा," आई म्हणायच्या. "बाय, तुझ्या हाताला मीठ कधी कळलं?" काकी पलीकडून हसायची. काकी आईंना बाय म्हणायची. एका घरात नव्या नवऱ्या म्हणून आल्या, तेव्हापासूनची सवय.

कोर्टात ज्याची सुनावणी कधीच झाली नाही असा हा सगळा व्यवहार राजरोस चालला होता. मला तो माहीत होता. आमच्या यांनाही माहीत असणार, कारण त्या तिसऱ्या तेही मिटक्या मारत खायचे. पण कबूल करतील तर शपथ!

त्या वर्षी गणपती गेले आणि काकी परसात शेवाळावर घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळी घातली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की पायावर भार द्यायचा नाही. मागच्या खोलीत खिडकीशी कॉट टाकली. भावजींचं एक मात्र मानलं पाहिजे, काकीची सेवा मनापासून करायचे. सगळं हातानं. पण भिंतीपलीकडे दोन बायका आहेत, त्यांना हाक मारावी, हे त्या माणसाला सुचलं नाही. सुचलं असेल तरी जैसे थे! काकीची ताटली खिडकीतून वाजायची, आई इकडून वाजवून उत्तर द्यायच्या. दगडावर कोण चढणार? भावजींची पाठ वळली की मीच भिंत ओलांडून खिडकीत डबा द्यायची. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या बाईनं चोरासारखं भिंतीवर चढून कालवण पोचवायचं, हे माझं नशीब.

आणि मग नवरात्र उठलं, ऊन पडलं, सड्याखालच्या कुणग्यांत भात कापून पेंढ्या पडल्या, आणि समुद्रात कमी दाबाचा पट्टा की काय तो तयार झाला. मिरकरवाड्यात बोटी येऊन अंगाला अंग लावून उभ्या राहिल्या. ज्यांचं पोट पाण्यावर आहे ती माणसं बंदरात आली, आणि ज्यांना पाण्याशी काही देणंघेणं नाही ती माणसं मांडवीला लाटांचे व्हिडिओ काढायला गेली. फोनवर लाल इशारे येत होते. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, सर्वांनी काळजी घ्यावी. त्यावर सगळ्यांनी हात जोडले. झाली काळजी घेऊन.

पहिल्या दिवशी वारा. आमच्या मागचा एक माड वाकला तो वाकलाच. वीज गेली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस असा लागला की समोरचं घर दिसेना. आषाढातला पाऊस मी पाहिलेला आहे, तोही मोठा असतो. पण आषाढात शेतात रोपं उभी असतात, पऱ्यातून नुसतं पाणी येतं. दसऱ्यानंतर शेतात कापलेलं भात पडलेलं असतं. वरच्या सगळ्या कुणग्यांतल्या पेंढ्या उचलून त्या पाण्यानं पऱ्यात घातल्या. कोणाकोणाचं वर्षाचं पोट वाहत आलं आणि भावजींच्या मोरीत जाऊन बसलं. वर झापं, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर कोणाच्या तरी गणपतीचं थर्माकोलचं मखर. बाटलीला बूच बसावं तशी मोरी बंद झाली.

आमच्या परसातला पऱ्या कोरडा पडला. एवढा पाऊस, आणि आमच्याकडे पाऊल बुडेल एवढंही पाणी नाही! मी मागच्या दारात जाऊन बघितलं. हे पाणी जाणार कुठं? भिंतीच्या पलीकडे. चारी बाजूंनी चिरेबंदी, मधे मोरी बंद. स्वतःभोवती स्वतःच्या खर्चानं हौद बांधून घेतलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि त्या हौदाच्या तळाला, मागच्या खोलीत, पाय न हलवता येणारी काकी.

मी धावत यांना बोलवायला गेले. म्हटलं, "अहो, मोरी तुंबली. पलीकडे पाणी भरतंय."

हे चहा पीत होते. शांतपणे कप खाली ठेवला, छत्री घेतली, फोन घेतला, आणि परसात जाऊन भिंतीचा व्हिडिओ काढायला लागले. "बघितलंस?" मला म्हणाले, "मी म्हणत होतो की नाही? त्याच्या भिंतीनं पाणी अडतं. आता पुरावा झाला."

मला त्या क्षणी त्यांची लाज वाटली. जिभेवर इतकं आलं होतं की त्यातलं कुठलं आधी बोलू ते कळेना.

मी स्टुलावर चढून पलीकडे बघितलं. भावजींचं परस तळं झालं होतं. लाल गढूळ पाणी, त्यात बादल्या तरंगतायत, आणि भावजी कमरेएवढ्या पाण्यात उभे. हातात काय? फोन! तेही व्हिडिओ काढत होते. इकडून एक छत्री, तिकडून एक छत्री, भिंतीवर दोन फोन एकमेकांसमोर. रेड्यांची टक्कर लागते तेव्हा निदान रेडे तरी काही करतात.

"वहिनी, त्याला सांगा," भावजी ओरडले, "त्याच्या बाजूनं झापं टाकून मोरी बंद केलीय!"

"त्याला सांग," हे ओरडले, "आमच्या बाजूला पाणीच नाही, झापं कुठून येणार?"

दोघांना एकमेकांचं नीट ऐकू येत होतं. तरी मधे मी. इतकी वर्षं मी त्या दोघांची पोस्टमन होते, पण तेव्हा मला ते काम नकोसं झालं. मी म्हटलं, "भावजी, काकी कुठं आहे?"

"आत आहे. कॉटवर. पाणी गादीला लागलंय."

"मग उचला की!"

"एकट्यानं कसं उचलू? पायाला धक्का लागला तर? आणि न्यायचं कुठं? गेटाबाहेर गटार छातीएवढं धावतंय." तेव्हा माझ्या लक्षात आलं. घाबरला होता तो माणूस. पण घाबरलेला माणूस निदान शहाणा होतो, असा माझा समज होता, तो त्या दिवशी गेला.

"मग भिंत तोडा! मोरीपाशी दोन चिरे काढा, पाणी उतरेल."

भावजी म्हणाले, "भिंत मी तोडली तर हद्द सोडली असं होईल. त्याला सांगा, लिहून दे म्हणावं, की भिंतीवर हक्क सांगणार नाही."

"मी नाही लिहून देणार," हे म्हणाले. "त्यानं घातली, त्यानं तोडावी. आमची हरकत नाही. पण आम्ही हात लावणार नाही. स्टे आहे."

"वकिलाला विचारतो," पलीकडून.

"मी पण विचारतो," इकडून.

आणि दोघांनी फोन कानाला लावले. वारा असा की माड जमिनीला टेकतायत, टॉवर केव्हाच मेलेले, आणि हे दोघं मूर्ख पावसात उभे राहून हॅलो हॅलो करतायत. त्यांच्या वकिलांची घरं, सांगायची गरज नाही, उंचावर आहेत.

तेवढ्यात ताटली वाजली.

पावसात ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी आम्ही सगळ्यांनी ऐकली. एकदा, दोनदा, मग भराभर, थांबेचना. काकीनं मुलाला हाक मारली नव्हती. देवालाही नव्हती. तिनं आपल्या जावेला बोलावलं होतं.

आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. वीज नाही, उजेड नाही, तरी दारात बसून तांदूळ निवडतच होत्या. ताटली ऐकली आणि सूप बाजूला ठेवलं. पडवीत नारळ सोलायची पहार होती ती उचलली आणि पावसात उतरल्या. ना छत्री, ना डोक्यावर इरलं. मी मागून, "आई, अहो आई, तुम्ही नका!" कोण ऐकतंय!

त्या कोरड्या पऱ्यात उतरल्या, मोरीपाशी वाकल्या आणि पहार चिऱ्यांच्या फटीत घातली.

"आई, हात लावू नकोस!" हे ओरडले. "स्टे आहे! तो फोटो काढेल!"

आईंनी मान वर केली. भिंतीवर भावजींचा फोन होताच. "काढ रे बाबा," आई म्हणाल्या, "नीट काढ. चष्म्यासकट येऊ दे. आणि कोर्टात सांग, म्हातारीनं तोडली. माझी जाऊ बुडतेय तिकडे आणि तुम्ही मेल्यांनो फोटो काढा!"

त्या बाईच्या अंगात काय ताकद राहिली होती? चिरा हलला नाही. पण माझं डोकं हललं. मी कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि उतरले. मला अजूनही आठवतं, मला भीती वाटली नाही, दया वाटली नाही, फक्त राग. पहिला घाव भिंतीला घातला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर भिंत नव्हती, कोण होतं ते सांगत नाही. आई पहारीनं फट मोठी करायच्या, मी घालायची. सिमेंट भावजींनी चांगलं वापरलं होतं, एवढंच त्यांचं कौतुक. एक चिरा निघाला. त्यातून पाणी पिचकारीसारखं आलं. दुसरा सैल झाला, आणि मग भिंतच कुरकुरली.

मी आईंना दंडाला धरून काठावर ओढलं. आम्ही वर पडलो आणि भिंतीचा अर्धा भाग पऱ्यात आडवा झाला. पेंढ्या, झापं, मखर, बादल्या, सगळं आमच्या परसातून धो-धो खाली गेलं. आमच्या यांची स्कूटर मागच्या पडवीला लावलेली होती, ती त्या पाण्यानं उचलली आणि अळूत नेऊन निजवली. त्यांचा फोन, पुराव्यासकट, कुठं गेला कोणाला ठाऊक. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी त्याबद्दल मनातल्या मनात हसत होते.

भिंत पडली तसे हे मात्र पाण्यात उतरले. सांगायला हवं, उतरले. त्या पडक्यातून पलीकडे गेले, भावजींच्या शेजारी उभे राहिले. पाणी गुडघ्यावर आलं होतं. आम्ही काकीला चादरीत घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. पाय मी धरला, सरळ. खुर्चीची एक बाजू यांनी उचलली, एक भावजींनी. दोघांचे हात एकमेकांना लागत होते. एकाच पालखीचे भोई, पण बोलतील तर ना! "वहिनी, सांभाळा, डावीकडे दगड आहे." "अगं, त्याला सांग, खुर्ची तिरकी होतेय." मी म्हटलं, आता एक शब्द जरी माझ्यामार्फत बोललात तर खुर्ची इथंच ठेवीन. मग गुपचूप चालले.

काकीच्या हातात चमचा तसाच होता. ओठ निळे पडलेले. आमच्या पडवीत आणून कोरडं लुगडं नेसवलं, अंगावर घोंगडी घातली, तेव्हा ती आईंना म्हणाली, "बाय, तू एवढा उशीर का गो केलास?"

आणि आई ढसाढसा रडल्या. मी लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं. मीही रडले. आणि ते दोघं दारात उभे, ओले, एक इकडे बघत, एक तिकडे.

पाणी उतरल्यावर नेहमीचं सगळं झालं. वरातीमागून घोडं. ऊन कडकडीत पडलं त्या दिवशी शाळांना सुट्टी जाहीर झाली. एक पुढारी स्वच्छ कपड्यांत येऊन चिखलाकडे दुरून बघून गेला. पंचनाम्याला माणूस आला आणि त्यानं विचारलं, भिंत कशी पडली? त्यावर आमचे हे आणि भावजी एकदम, एका सुरात म्हणाले, "पाण्यानं!" इतक्या वर्षांत दोघांचं पहिलं एकमत. आई पडवीतून ओरडल्या, "खोटं! मी पाडली!" त्या माणसानं हसून नमस्कार केला आणि पाण्यानं असंच लिहिलं.

मला वाटलं होतं, आता तरी मिटेल. पालथ्या घड्यावर पाणी! दोघांच्या वकिलांनी वेगवेगळं बसून एकच सल्ला दिला, भिंत होती तशी उभी करा, नाहीतर दोघांवरही शेकेल. आणि गंमत बघा, जे दोघं पऱ्या काढायला एकत्र आले नाहीत, काकीला वाचवायला एकमेकांशी शब्द बोलले नाहीत, ते भिंत बांधायला एकत्र आले. एकच गवंडी ठरवला. खर्च अर्धाअर्धा. कोर्टातल्या फोटोंवरून चिरे मोजत होते, मोरी तेवढीच राहायला हवी म्हणून. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तो असा.

मी गवंड्याला मोरी थोडी रुंद ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "वैनी, दोन्ही मालकांनी माप दिलंय." त्याचं तरी काय चुकलं?

काकी आमच्याकडेच होती. भावजींच्या घरात गाळ, भिंती ओल्या, तिथं निजणार कुठं? ती आणि आई पडवीत समोरासमोर कॉटवर. दिवसभर बडबड. ताटलीची आता गरज नव्हती, तरी काकी कधीमधी उगाच वाजवायची आणि दोघी हसायच्या. भावजी रोज दोन वेळा येत, पण आमच्या उंबऱ्यात पाऊल ठेवत नसत. शपथ घातली होती त्यांनी स्वतःला, दावा लागला त्या दिवशी, आणि पुरात काकीला आणताना ती मोडली ती तेवढीच. म्हणून पडक्या भिंतीच्या त्या चौकटीत उभे राहून तिथून काकीची चौकशी करत. "गोळी घेतलीस?" "घेतली." "दुखतंय?" "नाही." मग थोडा वेळ तसेच उभे. साठीचा माणूस, आणि शाळेतून बाहेर काढलेल्या मुलासारखा उभा.

भिंत एकेक थर वर चढत गेली. दिवाळीच्या आदल्या दिवशी गवंडी म्हणाला, आता संध्याकाळपर्यंत बंद होईल. भावजी त्या उरलेल्या फटीत आले, घर धुऊन कोरडं केलेलं, नवी गादी आणलेली. "आई, चल," म्हणाले. "खुर्ची आणतो. नंतर रस्त्यानं फिरून यावं लागेल."

काकी म्हणाली, "मी नाही येत."

"म्हणजे?"

"मला इकडच्या बाजूला ठेव आणि बांध काय ती भिंत."

भावजींचा चेहरा पडला. हे मागे उभे होते, त्यांचाही. "अगं, लोक काय म्हणतील?" भावजी म्हणाले. "आणि केसमध्ये त्याचा अर्थ काय होईल? तू त्यांच्याकडे राहतेस म्हणजे..."

आई उठल्या. पडवीच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या, आणि दोघांकडे बघत म्हणाल्या, "फणसाची वाटणी मागितलीत, माडांची मागितलीत, पऱ्यातल्या पाण्याची मागितलीत. हिची कोणी मागितली होती का रे? कोणी नाही. मग ही माझ्या वाटणीला. मला दुसरं काही नको."

यावर कोणाच्याही वकिलानं काही शिकवलेलं नव्हतं. गवंडी हातात चिरा घेऊन खाली बघत होता. मग भावजींनीच त्याला मान हलवून खूण केली, बांध म्हणून, आणि आत निघून गेले. संध्याकाळी भिंत पुरी झाली. मी त्या रात्री जेवले नाही, आमच्या यांना वाढलंही नाही. त्यांनी स्वतःचं ताट स्वतः घेतलं.

दिवाळीची पहाट. आमच्याकडे पहिल्या आंघोळीनंतर तुळशीपाशी कारीट फोडायचं आणि नव्या भाताचे पोहे खायचे. पूर्वी आधी त्यांच्याकडे मग आमच्याकडे, आख्ख्या वाडीत असंच घरोघर फिरून पोहे. दाव्यापासून ते बंद होतं. त्या वर्षी नवं भात गाळात गेलं, म्हणून बाजारच्या पोह्यांवर भागवलं. काकीला पडवीत खुर्चीत बसवलं, पायाखाली पाट. दह्याचे पोहे मी तिच्या हातात दिले.

तिनं एक घास घेतला, आणि चमच्यानं ताटली वाजवली.

आम्ही सगळे थांबलो. पलीकडे काही हललं. मग भिंतीच्या वर एक हात आला, हातात रिकामी थाळी. एवढा मोठा माणूस, साता समुद्रांचं पाणी प्यायलेला, दगडावर चढून दिवाळीच्या पहाटे थाळी पुढे करून उभा. मला हसू आलं. मी पोहे वाढायला उठले.

"बस गो," काकी मला म्हणाली. आणि भिंतीकडे तोंड करून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भिंतीवरून मिळायचे नाहीत. दारानं ये."

हात तसाच राहिला. मग खाली गेला. आमचे हे पोहे चिवडत बसले होते, कोणाकडे न बघता. मग आमच्या गेटची कडी वाजली.

भावजी अंगणातून चालत आले आणि पडवीच्या उंबऱ्याबाहेर थांबले. आत येईनात. चालताना पायाला चिखल लागला होता, पूर उतरल्यापासून सगळ्या आळीत तो होताच. आमचे हे उठले. मला वाटलं, आत जातात. ते कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलून आले आणि त्यांनी ती उंबऱ्याशी ठेवली.

"उभा काय राहिलायस?" काकी म्हणाली. "पाय धू आणि आत ये."